मुंबई उपनगर आणि स्वीडन: मृत्यूंच्या हिशेबाविषयी महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
माननीय आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका

विषय: विभागवार आरोग्य आकडेवारी रहिवासाच्या पत्त्यानुसार आणि वयोगटानुसार प्रसिद्ध करण्याबाबत.

महोदय,

2011 च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या 93 लाख 56 हजार 962 भरली. त्याच सुमारास स्वीडनची लोकसंख्या 94 लाखांच्या आसपास होती. वांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत पसरलेला हा पट्टा माणसांच्या संख्येने युरोपातल्या एका अख्ख्या देशाएवढा आहे. त्यातला मुलुंडचा टी विभाग एकटाच त्या वेळच्या आइसलँडपेक्षा मोठा होता. त्यामुळे उपनगरांच्या आरोग्याची तुलना इतर देशांशी करण्यात वावगे काहीच नाही. प्रश्न आहे तो ही तुलना कोणत्या आकड्यांवर उभी करायची याचा.

2019 हे कोविडपूर्वीचे शेवटचे वर्ष. त्या वर्षी स्वीडनमध्ये सुमारे 89 हजार माणसे मरण पावली. बृहन्मुंबईत, म्हणजे शहर आणि उपनगर मिळून, सुमारे 91 हजार मृत्यूंची नोंद झाली. स्वीडनची लोकसंख्या तोवर 1 कोटी 3 लाखांवर गेली होती; मुंबईची 2011 चीच धरली तरी ती 1 कोटी 24 लाख होते. साधा भागाकार केला, तर स्वीडनचा मृत्युदर दर हजारी 8.6 आणि मुंबईचा 7.3 येतो. या हिशेबाने मुंबई स्वीडनपेक्षा निरोगी ठरते. प्रत्यक्षात स्वीडनमधले अपेक्षित आयुर्मान सुमारे 83 वर्षे आहे, तर निवडक भागांतले जन्म-मृत्यू सतत मोजणाऱ्या नमुना नोंदणी योजनेनुसार 2016-20 या काळात महाराष्ट्राचे 72.9 आणि भारताचे 70 वर्षे होते. भागाकार बरोबर आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

याचे कारण वयात सापडते. स्वीडनमध्ये दर पाच माणसांमागे एक जण 65 च्या पुढचा आहे. मुंबई मात्र पोटापाण्यासाठी आलेल्या माणसांचे शहर आहे. कोकणातून, घाटावरून, मराठवाड्यातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून विशी-तिशीतली माणसे इथे येतात आणि उतारवयात त्यांतली कितीतरी गावाकडे परततात. त्यांचा मृत्यू गावी होतो आणि त्याची नोंदही गावीच होते. ज्या समाजात तरुण जास्त, तिथे दर हजारी मृत्यू कमीच दिसणार. दवाखाने कसे आहेत याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. 2019 मध्ये जपानमध्ये 65 वर्षांवरच्यांचे प्रमाण 28 टक्क्यांहून अधिक असल्यामुळे त्या देशाचा ढोबळ, म्हणजे वय न पाहता काढलेला, मृत्युदर 11 च्या आसपास गेला, आणि भारताचा 6 वर राहिला. भारतातही तेच दिसते. 2020 च्या नमुना नोंदणीत केरळचा ढोबळ मृत्युदर 7.0 होता, बिहारचा 5.4 आणि महाराष्ट्राचा 5.5. त्याच वर्षी दर हजार जिवंत जन्मांमागे केरळात 6, महाराष्ट्रात 16 आणि देशात सरासरी 28 अर्भके दगावली. केरळ हे राहायला बिहारपेक्षा धोक्याचे राज्य आहे, असे या आकड्यांवरून कोणीही म्हणणार नाही. पण दोन वॉर्डांचे दर शेजारी शेजारी छापले जातात, तेव्हा नेमकी हीच चूक सहज होते.

ही चूक कशी होते ते दोन काल्पनिक विभागांवरून पाहता येईल. दोन्हींची लोकसंख्या एक लाख. पहिला विभाग जुन्या सोसायट्यांचा. तिथे साठीपुढचे लोक 20 हजार, बाकीचे 80 हजार. दुसरा विभाग दाट वस्तीचा. तिथे साठीपुढचे फक्त 5 हजार, बाकीचे 95 हजार. पहिल्या विभागात साठीखालच्यांमध्ये हजारी 2 आणि साठीपुढच्यांमध्ये हजारी 40 मृत्यू होतात. दुसऱ्यात हेच दर 3 आणि 60 आहेत. म्हणजे तरुण असो की वृद्ध, दुसऱ्या विभागातला माणूस दीडपट धोक्यात आहे. आता एकूण मृत्यू मोजले, तर पहिल्या विभागात 160 अधिक 800, म्हणजे 960, आणि दुसऱ्यात 285 अधिक 300, म्हणजे 585. ढोबळ दर अनुक्रमे 9.6 आणि 5.85. प्रत्येक वयात वाईट असलेला विभाग एकत्रित आकड्यात चांगला दिसू लागला. हा दोष काढण्याची रीत फार जुनी आणि सोपी आहे. दोन्ही विभागांना एकच वयरचना लावायची. समजा ती 90 टक्के साठीखालचे आणि 10 टक्के साठीपुढचे अशी धरली, तर पहिल्याचा दर 5.8 आणि दुसऱ्याचा 8.7 निघतो. यालाच वयप्रमाणित दर म्हणतात.

मुंबईला ही रीत नवीन नाही. इंडियन कॅन्सर सोसायटीने 1963 मध्ये मुंबईत कर्करोग नोंदवही सुरू केली. लोकसंख्येवर आधारलेली ती भारतातली पहिली कर्करोग नोंदवही. मुंबईचे दर जगातल्या इतर नोंदवह्यांच्या दरांशेजारी ठेवता येतात, ते वयप्रमाणित असतात म्हणूनच. त्यासाठी ‘जागतिक लोकसंख्या’ नावाची जी वयरचना वापरली जाते, ती जपानचे मित्सुओ सेगी यांनी 1960 मध्ये मांडली आणि रिचर्ड डॉल यांनी 1966 मध्ये थोडी बदलली. कर्करोगाच्या बाबतीत मुंबईने साठ वर्षांपूर्वी जे केले, ते सर्व मृत्यूंच्या बाबतीत अजून विभागवार होत नाही. ही उणीव गंभीर आहे, आणि ती भरून काढणे महापालिकेच्या आवाक्यात आहे.

या उणिवेचा सर्वांत ठळक परिणाम गोवंडी, मानखुर्द, देवनार, शिवाजीनगर या भागांना, म्हणजे एम/पूर्व विभागाला, सोसावा लागला आहे. या विभागासाठी ‘39 वर्षे’ हा आकडा अनेक वर्षे फिरतो आहे. कधी तो मृत्यूचे सरासरी वय म्हणून छापला जातो, तर कधी आयुर्मान म्हणून. या दोन अगदी वेगवेगळ्या गोष्टी आहेत. मृत्यूचे सरासरी वय म्हणजे एका वर्षात मेलेल्यांच्या वयांची बेरीज भागिले मेलेल्यांची संख्या. वस्तीत लहान मुले आणि तरुण जास्त, वृद्ध कमी असले, तर मरणाऱ्यांतही तेच जास्त असणार आणि सरासरी खाली येणार. वरच्या उदाहरणात पहिल्या विभागातल्या दर सहा मृत्यूंपैकी पाच साठीपुढचे आहेत, दुसऱ्यात जेमतेम निम्मे. यातला बराचसा फरक निव्वळ वयरचनेचा आहे. आयुर्मान काढताना मात्र प्रत्येक वयोगटाचा मृत्युदर वेगळा काढून जीवनतक्ता तयार करावा लागतो. आज जन्मलेले मूल आजच्याच दरांना तोंड देत वाढले, तर सरासरी किती वर्षे जगेल, हे तो तक्ता सांगतो.

एम/पूर्वमध्ये परिस्थिती वाईट नाही, असा याचा अर्थ अजिबात नाही. 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात हा विभाग शहरात सर्वांत तळाशी होता. देवनारचे क्षेपणभूमीचे डोंगर, पाण्याची टंचाई, दाटीवाटी, क्षयरोगाचा विळखा हे सारे खरे आहे. पण 39 हा आकडा आयुर्मान म्हणून वापरला, की दोन अनर्थ होतात. एक, खरे आयुर्मान किती हे कोणी विचारतच नाही. दुसरा, उद्या जन्मदर घटला आणि तरुण पिढी वयाने पुढे सरकली, तर आरोग्यसेवेत काडीचा बदल न होता मृत्यूचे सरासरी वय वाढेल आणि त्याचे श्रेय भलत्यालाच मिळेल. गोवंडीतल्या माणसाला आपल्या आयुष्याचा खरा हिशेब मिळण्याचा हक्क आहे.

वय झाले, आता पत्ता. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार घटना जिथे घडते तिथेच नोंदली जाते. नाव नोंदवण्यासाठी हे सोयीचे आहे, पण दर काढण्यासाठी घातक. घाटकोपर पूर्वेच्या राजावाडी रुग्णालयात कुर्ल्याचे, विक्रोळीचे, गोवंडीचे रुग्ण येतात. त्यांच्यापैकी कोणी दगावला, तर नोंद घाटकोपरच्या एन विभागात. जोगेश्वरीच्या ट्रॉमा रुग्णालयात पश्चिम द्रुतगती मार्गावरच्या अपघातातले जखमी येतात, मग ते वसईचे असोत की विरारचे. विलेपार्ल्याचे कूपर, कांदिवलीचे शताब्दी, मुलुंडचे अग्रवाल रुग्णालय, प्रत्येकाच्या दारात विभागाबाहेरचे आणि शहराबाहेरचेही रुग्ण असतात. केईएम, शीव आणि परळचे वाडिया यांच्याबद्दल तर सांगायलाच नको. पालघरमधल्या आदिवासी पाड्यावर कमी वजनाचे बाळ जन्मते, ठाण्यामार्गे परळला पोहोचते आणि तिथे दगावते. तो मृत्यू मुंबईच्या खात्यात जमा होतो, जन्म मात्र पालघरच्या. अंश एकीकडचा आणि छेद दुसरीकडचा. ज्या विभागात मोठे रुग्णालय आहे तो विभाग आजारी दिसतो आणि ज्याच्याकडे रुग्णालयच नाही तो निरोगी. खाटा वाढवायच्या कुठे, हे अशा दरांवरून ठरवले, तर निर्णय उलटा होतो.

हा घोटाळा मुंबईत शंभर वर्षांपूर्वीही झाला होता. 1921 मध्ये मुंबईचा नोंदलेला अर्भक मृत्युदर दर हजारी 600 च्या वर होता आणि एका खोलीच्या बिऱ्हाडांमध्ये तो 800 च्याही वर गेला होता. जन्मलेल्या तीन बाळांपैकी दोन वर्षाच्या आत जात होती, असा त्याचा सरळ अर्थ होईल. गिरणगावातल्या चाळींची अवस्था भयानक होती यात शंका नाही. धुराने कोंदलेली खोली, सामाईक मोरी, कामावर जाणारी आई आणि बाळाला दिली जाणारी अफू, हे त्या काळच्या पाहण्यांत नोंदलेले आहे. पण आकड्याचा एक मोठा भाग माहेरच्या बाळंतपणाने फुगवला होता. रत्नागिरी, सातारा, पुणे जिल्ह्यांतली गिरणीकामगाराची बायको बाळंतपणाला गावी जाई. जन्माची नोंद झालीच तर गावात होई, अनेकदा होतच नसे. काही महिन्यांनी ती तान्ह्या बाळाला घेऊन मुंबईत परते. ते बाळ इथे दगावले, तर मृत्यूची नोंद मात्र मुंबईत पक्की, कारण दहनाला किंवा दफनाला ती लागेच. छेदात नसलेली बाळे अंशात येत होती. ही तक्रार त्या काळीच केली गेली होती. आज प्रवाह उलटा आहे: बाहेरच्या गरोदर स्त्रिया मुंबईच्या रुग्णालयांत येतात आणि मुंबईच्या जन्मसंख्येत भर पडते. दिशा बदलली, चूक तीच राहिली.

स्वीडनमध्ये ही चूक होत नाही, कारण तिथे मृत्यू रहिवासाच्या गावाच्या खात्यावर पडतो, मग तो देशातल्या कोणत्याही रुग्णालयात होवो. त्या देशाने 1749 मध्ये चर्चच्या पाद्र्यांकडून जन्म, मृत्यू आणि लोकसंख्येचे तक्ते मागवायला सुरुवात केली. तेव्हा तो गरीब शेतकऱ्यांचा देश होता. चांगली आकडेवारी ही श्रीमंतीनंतर परवडणारी चैन आहे, हा समज या इतिहासाला धरून नाही.

मुंबईत तर निम्मे काम झालेलेच आहे. मृत्यूचा अहवाल ज्या नमुना 2 वर भरला जातो, त्यात मृताचा पत्ता असतो. जन्माच्या नमुना 1 वर आईच्या रहिवासाचे ठिकाण असते. मजकूर गोळा होतो, पण तक्ता तयार करताना तो बाजूला पडतो. पत्त्यावरून विभाग ठरवणे महापालिकेला अवघड नाही. मालमत्ता कर आणि पाणीपट्टीची बिले ती पत्त्यानुसारच पाठवते. झोपडपट्टीतले पत्ते अपुरे असतात, तिथे आरोग्य केंद्राच्या कार्यक्षेत्राची नोंद पुरेशी होईल. आरोग्य स्वयंसेविका घरोघरी जातातच.

छेदाचा, म्हणजे लोकसंख्येचा, प्रश्न मात्र महापालिकेच्या एकटीच्या हातातला नाही. 2021 ची जनगणना झाली नाही. म्हणून 2025 चे दरसुद्धा 2011 च्या लोकसंख्येवर किंवा तिच्यावरून काढलेल्या अंदाजावर काढावे लागतात. या काळात मुंबईचा तोंडवळा बदलला. गिरणगावात मनोरे उभे राहिले, अंधेरी-गोरेगावात झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारती झाल्या आणि विस्थापित कुटुंबे माहुल, मानखुर्दकडे गेली. लोकसंख्या वाढलेल्या विभागाचा दर जुन्या छेदामुळे फुगतो, घटलेल्या विभागाचा आकसतो. नव्या जनगणनेची अधिसूचना जून 2025 मध्ये निघाली आणि तिची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. तिच्यातून विभागवार वयोगटांचे तक्ते लवकरात लवकर मिळावेत, यासाठी महापालिकेने आतापासून पाठपुरावा करायला हवा.

मृत्यू कोणत्या कारणाने झाला, ही यापुढची पायरी. आणि आंतरराष्ट्रीय तुलनेत भारत सर्वांत जास्त इथेच लंगडतो. देशात नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे पाचव्या हिश्श्याच्याच कारणाला वैद्यकीय प्रमाणपत्र असते. मुंबईत हे प्रमाण कितीतरी बरे आहे, कारण डॉक्टरच्या दाखल्याशिवाय इथल्या स्मशानात अंत्यसंस्कार होत नाहीत. पण दाखला असणे वेगळे आणि तो नीट भरलेला असणे वेगळे. रुग्णालयातल्या मृत्यूसाठी नमुना 4 आणि घरच्या मृत्यूसाठी नमुना 4अ असतो. त्याच्या पहिल्या भागात एकाखाली एक तीन ओळी असतात. वरच्या ओळीत मृत्यूला लगेच कारण झालेली अवस्था, तिच्याखाली ती अवस्था कशामुळे आली ते, आणि सर्वांत खाली मूळ आजार. समजा अठ्ठावन्न वर्षांचा रिक्षाचालक मधुमेहाने पायाला गँगरीन होऊन, जंतुसंसर्ग रक्तात पसरून गेला. वरच्या ओळीत सेप्टिक शॉक, दुसऱ्या ओळीत गँगरीन आणि तिसऱ्या ओळीत मधुमेह यायला हवा. आकडेवारीत मोजला जातो तो शेवटच्या ओळीतला मधुमेह. घाईत असलेला डॉक्टर पहिल्या ओळीत ‘कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट’ एवढेच लिहितो आणि खालच्या ओळी कोऱ्या ठेवतो. हृदय आणि श्वास तर प्रत्येकाचाच थांबतो. त्या दोन शब्दांत मृत्यूचे कारण सांगितलेलेच नसते. हा मृत्यू मग हृदयविकाराच्या ढिगात किंवा निरुपयोगी नोंदींच्या ढिगात जातो. मधुमेह तपासणीला किती पैसा द्यायचा, या हिशेबातून रिक्षाचालक गळून पडतो. क्षयरोगाचे नाव दाखल्यावर नको, अशी गळ नातेवाईक घालतात, तेव्हाही असेच होते.

मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय यादी 1893 मध्ये जाक बेर्तियों यांनी मांडली. तिच्यातूनच आजची रोगांची जागतिक वर्गवारी वाढली. तिची अकरावी आवृत्ती 1 जानेवारी 2022 पासून लागू आहे. वर्गवारी कितीही सूक्ष्म असली, तरी राजावाडीतल्या रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरने ती तिसरी ओळ भरली नाही, तर तिचा उपयोग शून्य. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातल्या 2023 च्या दुरुस्तीने सर्व रुग्णालयांना कारणाचे प्रमाणपत्र देणे बंधनकारक केले आहे. या दुरुस्तीची खरी परीक्षा त्या तीन ओळींत आहे. डॉक्टरांना त्या कशा भरायच्या हे शिकवणे आणि कोरे दाखले परत पाठवणे, यासाठी महापालिकेला नवी इमारत लागत नाही की नवे यंत्र.

कोविडने हे सगळे दोष एकदम उघडे केले. 16 जून 2020 रोजी जुन्या नोंदींचा मेळ घातल्यावर मुंबईच्या कोविड मृत्यूंमध्ये एका दिवसात 862 ची भर पडली. त्या वर्षअखेरीपर्यंत शहरात एकूण सुमारे 1 लाख 12 हजार मृत्यू नोंदले गेले, आदल्या वर्षापेक्षा सुमारे 21 हजार अधिक. आणि कोविड म्हणून नोंदलेले मृत्यू होते 11 हजारांच्या घरात. उरलेले सगळे कोविडचेच होते असे म्हणता येत नाही. उपचार न मिळाल्याने गेलेलेही त्यात असणार. शिवाय लाखो मजूर शहर सोडून गेलेले असताना ही वाढ दिसली, हेही लक्षात घ्यावे लागते. पण एकूण मृत्यूंची नोंद मुंबईकडे होती म्हणून हा हिशेब मांडता तरी आला. देशपातळीवर जागतिक आरोग्य संघटनेने मे 2022 मध्ये 2020-21 या दोन वर्षांसाठी भारतात 47 लाख जादा मृत्यूंचा अंदाज दिला, सरकारी कोविड आकडा 4 लाख 80 हजारांच्या आसपास होता आणि भारताने संघटनेच्या पद्धतीला हरकत घेतली. ज्या राज्यांत नोंदणी पूर्ण आणि वेळेवर होती, तिथे वादाला जागा कमी राहिली.

जुलै 2020 मध्ये दहिसर, चेंबूर आणि माटुंगा या तीन विभागांत झालेल्या रक्तचाचणी पाहणीचा इथे मुद्दाम उल्लेख करायला हवा. महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी ती केली होती. झोपडपट्टीत 57 टक्के आणि इमारतींत 16 टक्के लोकांमध्ये कोविडची प्रतिपिंडे सापडली. एकाच विभागात दोन मुंबई राहतात, हे त्या पाहणीने मोजून दाखवले. महापालिकेने चांगली आकडेवारी काढायची ठरवली, तर ती किती उत्तम आणि किती लवकर निघते, याचा हा पुरावा आहे.

देशादेशांच्या क्रमवाऱ्यांबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेने 2000 मध्ये 191 देशांच्या आरोग्यव्यवस्थांची क्रमवारी लावली. फ्रान्स पहिला, अमेरिका सदतिसावी, भारत 112 वा. तिसरा क्रमांक सान मारिनोचा. त्या देशाची तेव्हाची लोकसंख्या तीस हजारांच्याही आत, म्हणजे अंधेरीतल्या एका नगरसेवकाच्या प्रभागापेक्षा कमी. अनेक देशांची माहितीच नव्हती, ती गणिती अंदाजाने भरली गेली. टीका इतकी झाली की संघटनेने तशी क्रमवारी पुन्हा काढली नाही. 2018 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आरोग्यसेवेच्या निर्देशांकात भारत 195 देशांत 145 वा होता, गुण 41.2. पण त्याच अभ्यासात गोवा आणि केरळ 60 च्या वर होते आणि आसाम, उत्तर प्रदेश 35 च्या आसपास. इतक्या अंतराला एक सरासरी देणे म्हणजे दोन्ही टोके झाकणे. मुंबईची एकच सरासरी छापली की मुलुंड आणि मानखुर्द यांचे तेच होते.

खाटांच्या तुलनेतही सावध राहावे लागते. जपानमध्ये दर हजार लोकांमागे 12 हून अधिक खाटा आहेत, स्वीडनमध्ये सुमारे 2. आयुर्मानात मात्र फारसे अंतर नाही. स्वीडनने काळजी रुग्णालयाबाहेर नेली, जपानमध्ये वृद्ध दीर्घकाळ रुग्णालयात राहतात. कमी खाटा चालतात, असा निष्कर्ष मुंबईने यातून काढू नये. घराजवळचा दवाखाना दिवसभर उघडा असेल आणि तिथे औषध मिळत असेल, तरच ते खरे. खर्चाचेही तसेच. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार भारतात एकूण आरोग्यखर्चातला लोकांच्या खिशातला वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता, तो 2021-22 मध्ये 39.4 टक्क्यांवर आला. ही घट स्वागतार्ह आहे, पण खिशातल्या खर्चाचा अंदाज घरोघरच्या पाहण्यांतल्या उत्तरांवर उभा असतो. पैसे नाहीत म्हणून जी बाई दवाखान्यात गेलीच नाही, तिचा खर्च शून्य लागतो, आणि तो शून्य दिलासा देणाऱ्या आकड्यांत जाऊन बसतो.

व्याख्येचा फरक अर्भक मृत्युदरात सर्वांत स्पष्ट दिसतो. 2010 मध्ये अमेरिकेचा दर 6.1 होता. 24 आठवड्यांआधी जन्मलेली बाळे वगळली की तो 4.2 वर आला. तरीही तो फिनलंड-स्वीडनच्या जवळपास दुप्पट राहिला, म्हणजे फरकाचा काही भाग मोजणीचा होता आणि बाकीचा खराच होता. मुंबईतही एखादे प्रसूतिगृह काही मिनिटे श्वास घेतलेले बाळ जिवंत जन्म म्हणून नोंदते आणि दुसरे मृतजन्म म्हणून, तोवर दोघांच्या दरांची तुलना नको. मृतजन्मांचा आकडा सोबत छापला, तर वाचणाऱ्याला निदान संशय घेता येतो. क्षयरोगाचेही असेच. खासगी डॉक्टरांनी रुग्ण कळवणे 2012 मध्ये सक्तीचे झाले, त्यानंतर नोंदी वाढल्या. ती वाढ रोगाची नसून मुख्यतः शोधण्याची होती. आपल्या विभागात रुग्ण जास्त सापडले म्हणून वैद्यकीय अधिकाऱ्याला जाब विचारला जाऊ लागला, तर शोध थांबेल आणि रोग वाढेल.

महापालिकेकडे मागणी आहे ती या सगळ्यातून निघणाऱ्या एका तक्त्याची. प्रत्येक विभागासाठी, रहिवासाच्या पत्त्यानुसार, पाच-पाच वर्षांच्या वयोगटांत, स्त्री-पुरुष वेगळे, मृत्यूंची संख्या. शेजारी लोकसंख्या आणि ती कोणत्या वर्षाची व कशी काढली याची नोंद. वयप्रमाणित दर आणि जीवनतक्त्यावरून काढलेले आयुर्मान. मूळ कारण भरलेल्या दाखल्यांचे शेकडा प्रमाण. आणि शहराबाहेरच्या रहिवाशांचे मृत्यू वेगळ्या रकान्यात. विभागांतर्गत झोपडपट्टी आणि इतर अशी फोड जिथे शक्य तिथे द्यावी. आज स्वयंसेवी संस्था आणि पत्रकार माहिती अधिकारात अर्ज करून हे आकडे तुकड्यातुकड्याने मिळवतात आणि प्रत्येकजण आपापला छेद लावतो. अर्थसंकल्पात 7 हजार कोटींहून अधिक रक्कम आरोग्यावर दाखवणाऱ्या महापालिकेने तो तक्ता स्वतः, दरवर्षी, सर्वांना वाचता येईल असा मराठीत प्रसिद्ध करावा.

लहान संख्यांबाबत एक काळजी घ्यावी लागेल. एखाद्या विभागात वर्षाला 5 हजार जन्म होत असतील, तर दोन मातामृत्यूंनी माता मृत्युदर दर लाख जन्मांमागे 40 येतो आणि चार मृत्यूंनी 80. दोन स्त्रियांच्या मृत्यूने दर दुप्पट झाला, म्हणून सेवा निम्म्याने ढासळली असे होत नाही. या कारणानेच नमुना नोंदणी योजना माता मृत्युदर तीन वर्षांचा एकत्र देते. 2018-20 साठी तो महाराष्ट्रात 33 आणि केरळात 19 होता. विभागांसाठीही तीन किंवा पाच वर्षे एकत्र धरावीत, आणि त्याखाली प्रत्येक मातामृत्यूची स्वतंत्र चौकशी झाली की नाही ते लिहावे. दर काढण्याइतके मृत्यू नसले, तरी प्रत्येक मृत्यू का झाला हे विचारता येतेच.

पहिला तक्ता 2019 चा काढता येईल. त्या वर्षाचे नमुने महापालिकेच्या दप्तरी आहेत आणि कोविडचा गोंधळ त्यात नाही. पत्त्यांची फोड करण्याचे काम आधी एन, टी, आर/मध्य आणि एम/पूर्व या चार विभागांच्या रहिवाशांपुरते करून पाहावे. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली आणि गोवंडी यांचे मृत्यू कोणकोणत्या रुग्णालयांत नोंदले गेले, हे त्यातून प्रथमच कळेल. 2027 ची लोकसंख्या हाती येईल तेव्हा बाकीच्या विभागांसाठी पद्धत तयार असेल.

कळावे,

मुंबई उपनगरातील एक रहिवासी